अडवलेलं पाणी गेलं कुठे? फुकुशिमातल्या जमिनीखालच्या भिंतींचा प्रकरण अभ्यास

मार्च २०११ च्या अपघाताला दोन वर्षं उलटल्यावर, जून २०१३ मध्ये, जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या एका निरीक्षण विहिरीचे आकडे जाहीर झाले. पहिल्या आणि दुसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारती आणि समुद्र यांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात ही विहीर होती. तिच्या एका लिटर पाण्यात ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, ५ लाख बेक्वेरेल आणि स्ट्रॉन्शियम-९० १,००० बेक्वेरेल सापडलं (बेक्वेरेल हे किरणोत्साराचं माप). समुद्रात सोडायच्या पाण्यासाठी जपानी नियमांची मर्यादा ट्रिटियमला ६०,००० आणि स्ट्रॉन्शियम-९० ला ३० आहे. पुढच्याच महिन्यात, २२ जुलैला, केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने दूषित भूजल समुद्रात जात असल्याचं मान्य केलं. ते अडवायला किनाऱ्यालगतच्या जमिनीत रसायन भरून भिंत करायचं काम तेव्हा सुरू झालेलंच होतं. ऑगस्टमध्ये भिंतीचा पहिला भाग पुरा होत आला, आणि तिच्या मागे तुंबलेलं पाणी तिच्या माथ्यावरून पलीकडे जाऊ लागलं.

मी फोंड्याला राहतो. बंधाऱ्यांचे पाये, पुलांचे खांब, इमारतींची तळघरं अशा ठिकाणी जमिनीत सिमेंट भरायची, म्हणजे ग्राउटिंगची कामं करतो. किरणोत्सारी जमिनीवर मी स्वतः काम केलेलं नाही. पण फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजची मुलं कधी साइटवर आली, की गप्पांत हा विषय हमखास निघतो. काणकोणच्या पलीकडे, कारवारच्या पूर्वेला काळी नदीच्या काठावर कैगाचं केंद्र आहे. तिथे २२० मेगावॉटच्या चार अणुभट्ट्या चालतात. त्यामुळे प्रश्न असा येतो: ‘सर, समजा कुठे असं काही झालंच, तर भोवताली खोल सिमेंटची भिंत घालून ती माती कोंडून टाकता येत नाही का?’

येते. फक्त माती आपल्या जागेवरून सहसा हलत नाही, हलतं ते तिच्यातून जाणारं पाणी. त्या पाण्याचं पुढे काय करायचं हे ठरवल्याशिवाय भिंत घातली तर काय होतं, याचं फुकुशिमाइतकं तपशीलवार नोंदलेलं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हे एकच प्रकरण इथे सुरुवातीपासून मांडतो.

जागा

हे केंद्र पॅसिफिकच्या काठावर आहे. मुळात तिथे सुमारे ३५ मीटर उंचीचा कडा होता. १९६० च्या दशकात बांधकामासाठी तो कापून समुद्रसपाटीपासून १० मीटरवर इमारतींसाठी सपाटी काढली. जड यंत्रं समुद्रमार्गे आणणं आणि थंड करायला समुद्राचं पाणी उचलणं त्यामुळे सोपं गेलं. पाणी आत घ्यायच्या जागा त्याहून खाली, ४ मीटरच्या पट्ट्यावर. डोंगराचा पाय कापला की पाणी कुठून सुटतं ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको, आपल्या हमरस्त्यांच्या कापलेल्या दरडी दर पावसाळ्यात ते दाखवतातच. तिथेही मागच्या टेकड्यांतलं भूजल उतरत उतरत समुद्राकडे येतं. पहिल्या चार युनिटांच्या परिसरातून रोज साधारण १,००० टन. आणि इमारतींची तळघरं या पाण्याच्या पातळीच्या खाली.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून अपघाताच्या आधीपासून इमारतींभोवती उपसा विहिरींची माळ होती, त्यांना सब-ड्रेन म्हणतात. त्यांतून रोज शेकडो टन पाणी उपसलं जायचं. असं केलं नाही तर भूजल तळघराला खालून वर ढकलतं. पणजीत पाटोच्या बाजूला ज्यांनी तळघर काढलंय त्यांनी ही उचल अनुभवलेली असेल.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीने हे पंप बंद पाडले आणि विहिरींत गाळ, मोडतोड जाऊन बसली. तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. त्यांना थंड ठेवायला ओतलेलं पाणी फुटलेल्या पात्रांतून खाली तळघरांत उतरलं. बाहेरून भूजल भिंतींच्या भेगांतून आणि पाइप-केबलसाठी ठेवलेल्या भोकांतून आत शिरू लागलं, रोज सुमारे ४०० टन. आतलं आणि बाहेरचं एक झालं, आणि रोज तेवढं नवं दूषित पाणी तयार होऊ लागलं.

या प्रकरणाचं मूळ माझ्या मते इथे आहे. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती भिंतींची: कोणती घालावी, किती खोल, किती खर्चाची. पण त्या जमिनीचा तोल आधी सांभाळला होता तो उपशाने. तो बंद पडला आणि पाणी मोकाट झालं.

एप्रिल २०११ चा खड्डा

पहिली लढाई अगदी छोट्या जागेवर झाली. २ एप्रिल २०११ ला दुसऱ्या युनिटच्या समुद्राकडच्या बाजूला, केबलसाठी बांधलेल्या एका काँक्रीटच्या खड्ड्यात पाणी दिसलं. खड्ड्याच्या भिंतीला सुमारे २० सेंटिमीटरची भेग होती आणि तिच्यातून पाणी सरळ समुद्रात पडत होतं. त्या पाण्याच्या पृष्ठभागाजवळ किरणोत्साराची मात्रा तासाला १,००० मिलिसिव्हर्टच्या वर होती. त्या आणीबाणीत कामगारांसाठी एकूण मर्यादा वाढवून २५० मिलिसिव्हर्ट केलेली होती. म्हणजे त्या पाण्याजवळ पंधरा मिनिटं उभं राहिलं की माणसाचा वाटा संपला. तिथे ओणवं होऊन भेग नीट साफ करणं, तोंड मोकळं करणं, पॅकर, म्हणजे ग्राउट परत येऊ नये म्हणून लावायचं बूच, बसवणं, यातलं काहीही शक्य नव्हतं.

आधी खड्ड्यात ताजं काँक्रीट ओतलं. उपयोग झाला नाही. वाहत्या पाण्यात ओतलेलं काँक्रीट धुऊन जातं, सिमेंट पाण्याबरोबर पळतं आणि खडी तेवढी खाली राहते. दुसऱ्या दिवशी पाणी शोषून फुगणारं पॉलिमर, लाकडाचा भुसा आणि फाडलेली वर्तमानपत्रं वरच्या बाजूने आत सोडली. तरी धार तशीच. मग ४ एप्रिलला त्यांनी जे केलं ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: पाण्यात पांढरा रंग सोडला आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहिलं. पाणी येतंय ते केबलच्या मार्गातूनच असं धरून तोवर सगळे उपाय चालले होते. शोध घेतल्यावर संशय खालच्या खडीच्या थरावर गेला. असे मार्ग बांधताना खाली खडी अंथरतात, आणि तो थर म्हणजे पाण्याला आयती वाट.

मग त्या थरापर्यंत भोकं पाडून वॉटर ग्लास भरलं. वॉटर ग्लास म्हणजे सोडियम सिलिकेटचं द्रावण. ते पाण्यासारखं पातळ असतं आणि हार्डनर मिसळला की थोड्या वेळात थिजतं. ६ एप्रिलला पहाटे ५ वाजून ३८ मिनिटांनी धार थांबली. टेपकोच्या अंदाजाप्रमाणे तोवर ५२० टन पाणी समुद्रात गेलं होतं आणि त्यात ४,७०० लाख कोटी बेक्वेरेल किरणोत्सार होता.

आमच्या कामात याचा सरळ अर्थ असा की वाट नेमकी सापडली, तर थोडं सामानही पुरतं. वाट न सापडता टाकलेलं सामान गटारात जातं.

२०१३: काचेची भिंत

धार थांबली, पण पाणी आटलं नव्हतं. ते तळघरांत होतं, समुद्राचं पाणी नेणाऱ्या बोगद्यांत होतं आणि हळूहळू जमिनीत उतरत होतं. २०१३ मध्ये विहिरींत ट्रिटियम आणि स्ट्रॉन्शियम वाढलेलं दिसलं, तेव्हा किनाऱ्यालगत ओळीने भोकं पाडून पुन्हा वॉटर ग्लास भरायचं ठरलं. त्यातून जमिनीचाच एक लांब, घट्ट पट्टा करायचा होता.

इथे सिमेंट का वापरलं नाही, हे मुलं नेहमी विचारतात. साध्या सिमेंटचे मोठे कण ८० ते १०० मायक्रॉनपर्यंत असतात. बारीक वाळूच्या किंवा गाळाच्या पोकळ्या त्याहून लहान. अशा जमिनीत सिमेंटचं ग्राउट भरायला गेलं की ते भोकाच्या तोंडाशीच गाळलं जातं: पाणी पुढे जातं, सिमेंट मागे राहतं. गेजवर प्रेशर छान चढलेलं दिसतं, खाली मात्र एका हातापलीकडे काही गेलेलं नसतं. अशा ठिकाणी सिलिकेट लागतं, किंवा बारीक दळलेलं मायक्रोफाइन सिमेंट, किंवा मग मातीच कापून तिच्यात सिमेंट घुसळायचं.

दुसरी अडचण वरच्या थराची. जमिनीखाली दाबाने काही भरायचं तर वर पुरेसं वजन लागतं. अगदी वरच्या दीड-दोन मीटरांत दाब दिला की ग्राउट वाट काढून वर उसळतं किंवा जमीनच उचलते. त्यामुळे फुकुशिमातली ही भिंत जमिनीच्या पृष्ठापासून १.८ मीटर खाली सुरू होत होती. वरचे १.८ मीटर मोकळे.

टेकडीकडून पाणी येतच होतं. समोरची वाट बंद झाल्यावर भिंतीमागची पातळी चढत गेली, १.८ मीटरची रेषा ओलांडून वर आली आणि पाणी भिंतीच्या डोक्यावरून समुद्राकडे निघालं. ९ ऑगस्टला तिथे उपसा सुरू झाला. दोनच दिवस आधी जपान सरकारने अंदाज दिला होता की रोज सुमारे ३०० टन दूषित भूजल समुद्रात जात असावं.

गोव्यात हे समजावून सांगायला मी खाजनाचं उदाहरण देतो. खाजन शेताच्या बांधाने खाऱ्या पाण्याची भरती बाहेर राहते, पण त्या बांधाला मानस असते: भरतीला तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतात. मानस नसलेला बांध कितीही भक्कम घाला, एका पावसात शेत आतल्याच पाण्याने बुडेल. बांध घालायच्या आधी मानशीची जागा ठरते. फुकुशिमात ४ मीटरच्या पट्ट्यावर भिंत आधी आली आणि उपसा घाईघाईने मागून.

यात कोणाच्या बुद्धीला दोष द्यायचा माझा हेतू नाही. प्रचंड दडपणाखाली, तोंडावर मास्क आणि अंगावर मोजणीयंत्र लावून ही माणसं काम करत होती. पण दडपणाखाली भिंत लवकर मंजूर होते, कारण ती डोळ्यांना दिसते आणि तिचे मीटर मोजता येतात. उपशाचा हिशेब किचकट आणि कायमचा असतो. तो दरवर्षी खर्चात दिसतो.

सिमेंटने काम केलं ती जागा

समुद्राचं पाणी नेणाऱ्या बोगद्यांत अतिशय दूषित पाणी अडकून होतं, दुसऱ्या युनिटच्या बोगद्यात सुमारे ५,००० टन आणि तिसऱ्याच्या ६,००० टन. किनाऱ्याच्या इतक्या जवळ एवढा साठा असणं हाच सगळ्यांत मोठा धोका होता. बोगदा आणि टर्बाइन इमारत यांच्या जोडावर बर्फाचा बूच मारायचा, मग बोगदा रिकामा करायचा, असं ठरलं. २०१४ च्या एप्रिलपासून गोठवणं सुरू झालं. जोडातून पाइप आणि केबल जात होते, पाणी आतबाहेर हलत होतं, आणि हलतं पाणी गोठेना. उन्हाळ्यात वरून टनांनी बर्फ टाकला, कोरडा बर्फही टाकला. बूच पूर्ण बसलाच नाही.

शेवटी नोव्हेंबरमध्ये सरळ मार्ग घेतला: पाण्यात विखुरत नाही आणि लांबपर्यंत वाहत जातं असं खास सिमेंट बोगद्यात तळापासून भरत आणायचं, आणि ते जसजसं वर येईल तसतसं वरचं पाणी काढून घ्यायचं. २०१५ मध्ये दोन्ही बोगदे भरून झाले. सिमेंट चाललं याचं कारण इथे त्याच्याकडे मागणी वेगळी होती. वाहत्या पाण्याला अडवून धरायचं नव्हतं, एक ठरावीक पोकळी भरून पाण्याची जागाच घ्यायची होती. आणि निघालेलं पाणी कुठे न्यायचं तेही आधी ठरलेलं होतं.

समुद्राकडची आणि बर्फाची भिंत

त्यानंतर समुद्राच्या तोंडावर पोलादी नळ्यांची भिंत आली. ५९४ नळ्या शेजारी शेजारी ठोकून सुमारे ७८० मीटर लांबी, आणि नळ्यांमधले सांधे मॉर्टरने भरलेले. २६ ऑक्टोबर २०१५ ला ती पूर्ण बंद झाली. बंदरातल्या पाण्यातला किरणोत्सार त्यानंतर कमी झाला. भिंतीने आपलं काम केलं. पण मागे पाणी चढलं, त्याच्या दाबाने भिंतीचा माथा समुद्राकडे साधारण २० सेंटिमीटर कलला, आणि चढलेलं पाणी उपसायला लागलं. त्या पाण्यात ट्रिटियम जास्त होतं, म्हणून ते समुद्रात सोडता येईना आणि परत टर्बाइन इमारतींत न्यावं लागलं. काही काळ तळघरांतलं दूषित पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

चारही युनिटांभोवतीच्या बर्फाच्या भिंतीबद्दल बरंच लिहून आलं आहे. १,५६८ नळ्या, सुमारे दीड किलोमीटरचा वेढा, ३० मीटर खोली, नळ्यांतून उणे ३० अंशांचं खारं द्रावण, खर्च सुमारे ३४.५ अब्ज येन. मार्च २०१६ च्या शेवटी गोठवणं सुरू झालं. काही ठिकाणी पाणी इतक्या जोरात वाहत होतं की तिथली जमीन गोठेना, आणि त्या जागी जमिनीत सिमेंट भरून वेग कमी करावा लागला.

आता जो मुद्दा माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे त्याकडे येतो. तळघरांत दूषित पाणी आहे, बाहेर तुलनेने स्वच्छ भूजल. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा वर असेल तोवर वाहणं बाहेरून आत होतं: स्वच्छ पाणी आत जाऊन खराब होतं, पण खराब बाहेर पडत नाही. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली तर दिशा उलटते आणि दूषित पाणी जमिनीत जातं. म्हणजे बाहेरचं पाणी फार साठू द्यायचं नाही आणि फार उपसायचंही नाही. भिंत इतकी घट्ट झाली की आतली जमीन कोरडी पडली, तरीही धोका. याच कारणाने जपानच्या नियामकांनी बर्फाची भिंत एकदम सगळीकडून बंद करू दिली नाही. आधी समुद्राकडची बाजू, मग टेकडीकडची एकेक भाग, प्रत्येक टप्प्यावर विहिरींची पातळी बघत. सब-ड्रेन विहिरी साफ करून, नव्या खोदून सप्टेंबर २०१५ पासून पुन्हा चालू केल्या होत्या. टेकडीवरून येणारं पाणी वरच्यावर उचलून बाजूने काढणं २०१४ पासून सुरू होतं. उघडी जमीन डांबर-मॉर्टरने झाकून पाऊस मुरणं कमी केलं होतं.

या सगळ्याचा मिळून परिणाम असा: २०१५ च्या सुमारास रोज सुमारे ४९० टन नवं दूषित पाणी तयार होत होतं, २०२० मध्ये ते १४० वर आलं आणि २०२३ मध्ये ८० वर. यातला किती वाटा भिंतीचा, किती उपशाचा आणि किती डांबराचा, हे वेगळं काढून दाखवणं कठीण आहे. मला विचाराल तर मी सब-ड्रेन पहिल्या नंबरवर ठेवीन.

काय अडतं, किती काळ अडतं

भिंत सगळ्या किरणोत्सारी द्रव्यांना सारखी अडवत नाही. सिझियमला चिकणमातीची ओढ असते. मातीच्या पातळ थरांच्या कडांत ते शिरतं आणि तिथेच बसतं. त्यामुळे सिझियम बहुतेक वेळा पडलं त्या जागी वरच्या काही सेंटिमीटरांत राहतं. नुसतं सिमेंट त्याला फारसं धरत नाही, म्हणून अशा भिंतींत सिमेंटबरोबर बेंटोनाइट माती घालण्यात अर्थ असतो. स्ट्रॉन्शियम-९० जास्त हलतं, खाऱ्या पाण्यात तर आणखी. ट्रिटियम म्हणजे पाणीच. पाणी जाईल तिथे ते जातं, आणि त्याला पकडून ठेवील असं कोणतंही ग्राउट नाही. त्याच्यासाठी भिंत फक्त वेळ काढते.

स्ट्रॉन्शियमसाठी अडवण्याऐवजी गाळण्याचा मार्गही वापरला गेला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट व्हॅली इथे २०१० मध्ये सुमारे २६० मीटर लांबीचा चर खणून त्यात झिओलाइट भरलं. पाणी आरपार जातं, स्ट्रॉन्शियम खनिजात अडकतं. पातळी चढत नाही, त्यामुळे वळसा घालून पळायची पाण्याला गरजही पडत नाही. जिथे एकच, ओळखीचं द्रव्य असतं तिथे हा विचार मला बंद भिंतीपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो.

आणि काळ. सिझियम-१३७ चं अर्धआयुष्य ३० वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चं २९ च्या आसपास. मात्रा हजारावा हिस्सा व्हायला दहा अर्धआयुष्यं, म्हणजे ३०० वर्षं. खाऱ्या, सल्फेटच्या पाण्यात बुडालेली सिमेंटची पातळ भिंत ३०० वर्षं न तडकता राहील असं मी कोणालाही लिहून देणार नाही. जुन्या गोव्याचं बॉम जेझू बॅसिलिका १६०५ मध्ये बांधून पुरं झालं आणि आजही उभं आहे. पण १९५० च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढला तेव्हापासून जांभा उघड्यावर पाऊस झेलतोय आणि झिजतोय. ते डोळ्यांसमोर आहे, म्हणून आपल्याला कळतं. जमिनीखालच्या भिंतीची झीज कळायची तर तिच्या दोन्ही बाजूंना विहिरी हव्यात आणि त्या मोजणारं कोणीतरी कायम हवं.

आपली जमीन

हेच काम आपल्याकडच्या जमिनीत करायचं तर पहिला सामना जांभ्याशी. वरचा थर कडक, चिरे काढावेत असा. त्याच्या खाली तोच दगड नळ्या-पोकळ्यांनी भरलेला, आणि त्याखाली शेडी, पांढरट-गुलाबी मऊ माती. पावसाचं पाणी वरून झपाट्याने उतरतं, शेडीवर येऊन थांबतं आणि उताराच्या दिशेने आडवं निघतं. तेच पुढे झर म्हणून कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, फुटतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक चार महिन्यांत. भूजलाची पातळी मे महिन्यात एक असते, जुलैमध्ये कित्येक मीटर वर.

साखळीच्या बाजूला एका छोट्या बंधाऱ्याच्या पायात ग्राउटचा पडदा घालत असताना एका भोकाने पोत्यामागून पोती खाल्ली. गेजचा काटा शून्यापासून हलेना. फोरमन म्हणाला, ‘साहेब, हे खाली नाही जात, बाजूला जातंय.’ एक पोरगा उताराने खाली पाठवला. तो ओरडतच परत आला. बऱ्याच खाली, ओहोळाच्या काठावर, करड्या रंगाचा पातळ रस दगडाच्या फटीतून येत होता. हात लावला तर बोटांना सिमेंटचा बुळबुळीतपणा. मिश्रण घट्ट केलं, त्यात बेंटोनाइट आणि वाळू घातली, थांबत थांबत भरलं, तेव्हा कुठे काटा उचलला. ते सिमेंट होतं म्हणून दिसलं. त्याच वाटेने दुसरं काही गेलं असतं, तर ओहोळाकाठी कोणाला रंग दिसला नसता.

म्हणून जांभ्यात मी एकेरी ग्राउटच्या पडद्यावर भरवसा ठेवणार नाही. शेडीत किमान मीटरभर रुतलेला, खणून भरलेला सिमेंट-बेंटोनाइटचा सलग चर हवा. पोकळ्या डोळ्यांनी दिसतील आणि भरता येतील. शेडी हा आपल्याला मिळालेला तळ आहे. तो कुठे पातळ आहे आणि कुठे नाहीच, हे बोअर घेऊन आधी पाहायला हवं. आणि चराच्या वरच्या अंगाला पाणी उचलायच्या विहिरी भिंतीच्या आधी चालू हव्यात, तेही जुलैच्या पातळीच्या हिशेबाने.

हा विचार नुसत्या अणुकेंद्रांपुरता नाही. मडगावजवळच्या सोनसोडोसारख्या कचऱ्याच्या ढिगातून पावसाळ्यात झिरपणारं काळं पाणी असो, किंवा गळक्या टाकीतून विहिरींत उतरलेलं इंधन, ‘भोवती भिंत घाला’ हा सल्ला तिथेही पहिला येतो. टेंडरमध्ये भिंतीचे मीटर, सिमेंटची पोती, बोअरची संख्या, सगळं असतं. उपसलेलं पाणी कुठे साठवायचं, ते शुद्ध कोण करणार आणि दहाव्या वर्षी पंपाचं बिल कोण भरणार, यासाठी रकाना नसतो. तो रकाना नसेल, तर भिंतीचं काम मंजूर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग त्यात माझ्या धंद्याचं काम गेलं तरी चालेल.

फुकुशिमात आता लक्ष मोठ्या भिंतींवरून लहान फटींकडे गेलं आहे. शेजारच्या दोन इमारतींमध्ये काही सेंटिमीटरांची फट असते, बांधताना तिच्यात फोम भरलेला. भूजल या फटींत शिरतं आणि भिंतींतून पाइप जातात त्या भोकांतून इमारतींत उतरतं. त्या फटींच्या टोकाशी वरून बोअर घेऊन मॉर्टर भरायचं काम आधी किरणोत्सार कमी असलेल्या पाचव्या-सहाव्या युनिटच्या बाजूला करून पाहिलं, मग तिसऱ्या युनिटकडे नेलं. २०२८ पर्यंत रोजचं नवं दूषित पाणी ५० ते ७० टनांवर आणायचं उद्दिष्ट आहे. हे करताना आतली आणि बाहेरची पातळी सतत मोजली जाते, आणि सब-ड्रेनचे पंप चालू ठेवूनच भोक पाडलं जातं.